समोरच्या दुकानातला फोन

माझ्या थोरल्या वहिनी लॉंड्री चालवतात. दादा गेल्यावर लोकांना वाटलं, दुकान आता बंद पडणार. वहिनींनी दुकानाला नवा रंग दिला. शाईचा डाग असो, गंजाचा असो, 'निघणार नाही' असं त्या कधी म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात, आणि तो निघतो. ऑफिसातून येताना, आणि रविवारीही, मी थोडा वेळ त्यांच्या बाकावर टेकतो, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

त्यांची एकुलती एक लेक परदेशी शिकायला गेली. कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून जिने पाढे पाठ केले, तिने तिथे जाऊन विषय घेतला तो आपल्या देशातल्या छोट्या लॉंड्र्या आणि त्या चालवणाऱ्या बायकांचा. "एवढं लांब जाऊन पोरगी माझ्याच दुकानाचा अभ्यास करणार," असं वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या आणि त्या नादात सुटे पैसे जास्त द्यायच्या.

मग कळलं, अभ्यास समोरच्या दुकानाचा आहे. घरच्या माणसांना प्रश्न विचारायचे नाहीत, असा तिच्या विभागाचा दंडक होता.

समोरच्या बाईंनी वाफेची इस्त्री घेतल्यापासून वहिनी त्यांना 'वाफवाली' म्हणतात. आता रोज संध्याकाळी वाफवालीच्या टेबलावर फोन उभा राहू लागला आणि त्यात आमची पोरगी दिसू लागली. तासभर बोलणं, वर हसणं. आईला फोन यायचा तो रविवारी, 'जेवलीस का, औषध घेतलंस का' एवढ्यापुरता.

"एवढं काय हसतात हो भावोजी?"

"कामाचंच बोलत असतील."

"लॉंड्रीत हसण्यासारखं काय असतं? मी इतकी वर्षं काढली, मला नाही कधी हसू आलं." असं म्हणेपर्यंत एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर इस्त्रीचा पिवळा ठसा उमटला.

एकदा वाफवालीच सुटे पैसे मागायला आली आणि सहज म्हणाली, "नवी खोली बरी आहे हो तिची. खिडकी मोठी आहे."

"कुणाची खोली?"

"अहो, तुमच्या लेकीची! तुम्हाला नाही सांगितलं? मला म्हणाली, मावशी, आता उजेडात लिहिता येतं."

ती गेल्यावर वहिनी माझ्यावरच घसरल्या. "मावशी? ही माझी बहीण कधी झाली?"

त्या रविवारी त्यांनी लेकीला स्पष्टच विचारलं, "मला का नाही विचारत?"

"आई, नियम आहे गं. तू माझी आई आहेस ना."

"मग मी तुझी आई नाही असं लिहून देते. कुठे सही करू सांग."

पोरगी हसली. वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शटर उघडताना त्या रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जपून बोला हं बाई. तुमचे दर, तुमची गिऱ्हाइकं, सगळं छापून येणार आहे. करवालेसुद्धा वाचतात म्हणे."

वाफवालीचा फोन बंद झाला. त्या आठवड्यात वहिनींनी शीळ घालायचीच बाकी ठेवली होती. पण रविवारी लेकीचा आवाज पडलेला होता. "आई, मावशी फोनच उचलत नाहीत. इतक्या महिन्यांचं काम अर्धवट राहील. आता दुसरं कुणी शोधायला वेळच नाही. सर म्हणतात, वर्ष वाया जाईल. काय झालं असेल गं?"

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "भावोजी, चला माझ्याबरोबर. एकटीने तिची पायरी चढवायची नाही मला."

वाफवालीने आम्हाला स्टूल दिलं, एकच. मी उभा राहिलो.

"तुमचं काही छापून येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "नावही नसतं त्यात. मी उगाच बोलले."

"उगाच?"

"पोटात दुखत होतं माझ्या. झालं समाधान? घ्या आता पोरीचा फोन."

वाफवालीने सावकाश कॉलर दाबली, वाफ सोडली. "घेते. पण तुम्ही इथेच बसा आणि मध्ये बोलायचं नाही. तुम्ही आहात हे तिला कळता कामा नये."

फोन लागला. "मावशी! बऱ्या आहात ना? मी घाबरलेच होते." मग मागच्या वेळचा राहिलेला प्रश्न आला. हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?

खळ किती पातळ करायची, रेशीम उलटं करून का दाबायचं, हे सगळं वाफवाली वहिनींच्या टेबलाशी उभी राहून शिकली होती. पोरगी तेव्हा पाळण्यात होती. वाफवालीने एकदा वहिनींकडे बघितलं.

"कुणाकडून शिकणार बाळा? माझं मीच शिकले."

वहिनींचं तोंड उघडलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण तोवर त्यांनी ते मिटलं होतं.

"वा मावशी! हे फार महत्त्वाचं आहे. पुन्हा एकदा सावकाश सांगा, मी लिहून घेते."

वाफवालीने पुन्हा सांगितलं. या खेपेला त्यात एक जळालेलं धोतर आणि थोडं रडणंही आलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या.

फोन बंद झाल्यावर वाफवालीने विचारलं, "उद्या येणार?"

"येणार तर," वहिनी उठत म्हणाल्या. "अजून काय काय सांगताय, ते ऐकायला नको?"