कचऱ्याच्या गाडीचा परवाना

आमच्या मुळशीत पहिला नकार हा नकार नसतो. जमीन असो, म्हैस असो की जुना टेम्पो, समोरच्याने विचारलं की आधी "न्हाई" म्हणायचं. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं. मी याच रीतीवर मोठा झालो. एका जुन्या टेम्पोच्या तीन गाड्या केल्या, नेऱ्याला पत्र्याची शेड उभी केली, आणि पाच-सहा सोसायट्यांचा कचरा उचलायला लागलो. कुणाच्या ओळखीने नाही, भांडून.

त्यातल्या सगळ्यात मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर माझा राग आहे, तो आजही गेलेला नाही. ती इमारत जिथे उभी आहे तिथे आमच्या भावकीची भातखाचरं होती. पण हा माणूस मला मागच्या गेटला थांबवायचा, वहीत नाव लिहायला लावायचा आणि वॉचमनसमोर म्हणायचा, "तुमच्याकडे कसलं लायसन आहे? उद्या दुसरा आणला तर काय कराल?" म्हणून कचरा वाहणाऱ्या गाड्यांना परवाना लागणार असं पौडला तालुक्याच्या कचेरीत कळलं, तेव्हा बाकीचे गाडीवाले कपाळाला हात लावून बसले आणि मी खूश झालो. कागद मिळाला की याच्या नाकासमोर धरीन, एवढंच डोक्यात होतं.

त्या मागच्या गेटच्या आत, पाण्याच्या टाकीशेजारी एक बाई बसायची. परभणीकडची, लेकीच्या संसाराबरोबर इकडे आलेली. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला भाऊ. सहा वर्षं ती तिथे कचरा वेगळा करत होती. ओला माझ्या गाडीत, सुका तिचा. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या विकून तिचं घर चालायचं. कागद नव्हता, पण गेटवरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुठल्या मजल्यावरून इंजेक्शनच्या सुया येतात तेही तिला पाठ होतं. तशी पिशवी आली की ती माझ्या माणसांना ओरडायची, "हात लावू नगा रं, ती मला द्या!"

परवान्यासाठी गाडी तपासायला पौडच्या कचेरीतले साहेब येणार होते त्या सकाळी मी अटीप्रमाणे गाडीचे दोन हौद रंगवून आणले होते. ओल्याचा एक, सुक्याचा एक. अक्काने जुन्या लुगड्याच्या तुकड्याने दोन्ही आतून पुसले आणि म्हणाली, "भाऊ, गाडीला बाशिंग तेवढं ऱ्हायलं बगा."

"नवरी कोण मग?" मी म्हणालो.

"तुमचा सेक्रेटरी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

साहेब बाहेरगावचे, तरुण, कमी बोलणारे. सेक्रेटरी त्यांच्या बरोबरीने हात मागे बांधून फिरत होता. साहेबांनी ओल्याच्या हौदात वाकून पाहिलं. त्यात प्लास्टिकचा तुकडा नव्हता. "वर्गीकरण चांगलं आहे," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष अक्काकडे गेलं. ती दहा पावलांवर गोणीवर बसून बाटल्यांची झाकणं काढत होती.

"ही बाई तुमची कामगार का?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "माझा तिचा काय संबंध?"

माझा हिशोब सरळ होता. हो म्हटलं असतं तर हातमोजे, ओळखपत्र, विमा, सगळं माझ्या अंगावर आलं असतं, आणि सेक्रेटरीला बोलायला निमित्त मिळालं असतं. साहेब आता म्हणतील, "मग काम कोण करतं? तिला नावावर घ्या." मी जरा कुरकुर करीन, मग घेईन, आणि त्या बदल्यात हौदांना लोखंडी झाकण हवं या अटीत सवलत मागीन. तिला सोडायचं माझ्या मनातही नव्हतं. पण साहेबांनी ते फक्त लिहून घेतलं आणि पान उलटलं.

मी थांबलो. ते पुढचं विचारतील असं वाटत होतं. त्यांनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "सही करा."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, तसं नाही, ही आमचीच. तेवढा वेळ होता. पेन हातात होतं, सेक्रेटरी बघत होता, आणि गाडी पास झाली होती. मी सही केली.

साहेब गेल्यावर अक्का म्हणाली, "संबंध न्हाई म्हणलात जणू."

"कागदापुरतं गं. बोलायची रीत असती."

"आसंल," ती म्हणाली आणि झाकणं काढत राहिली.

परवाना आला, खाली माझ्या कामगारांची यादी जोडलेली. मी तो खरंच सेक्रेटरीच्या नाकासमोर धरला. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "म्हणजे आता तुमच्या यादीबाहेरचं कुणी आत येणार नाही. बरोबर?" दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन तिला सांगत होता, "अम्मा, लिस्ट में नाम नहीं है." ती गोणी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मला बघून तिने हात वर केला. गेट गाडीसाठी उघडलं होतं. मागून हॉर्न वाजत होते. मी गाडी आत घेतली. परत बाहेर आलो तेव्हा ती दिसली नाही.

त्या दिवसापासून सुका कचराही माझ्या शेडमध्ये येऊ लागला. मी तो विकला. हे लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

बायकोने विचारलं, "अक्का दिसत न्हाई?" मी म्हणालो, "गावाला गेली आसंल." दिवाळीला बायकोने दरवर्षीसारखा अक्कासाठी फराळाचा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. तो डबा तीन दिवस गाडीत फिरला. शेवटी वॉचमनलाच विचारलं. महाळुंग्याला एका नव्या इमारतीत ती जिने पुसते, असं त्याने सांगितलं.

ती चौथ्या मजल्यावर सापडली. डबा घेतला, बायकोची चौकशी केली, गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर बसली.

"अक्का, शेडवर ये. माझ्याकडं. ओळखपत्र देतो, दिवसाचा रोज देतो."

"शेडवर येऊन काय करू? गेटावर माझं काम व्हतं. तिथल्या यादीत नाव घाला."

"त्याला साहेबापुढं जबाब बदलावा लागंल. परवानाबी जाईल माझा."

तिने डबा बाजूला ठेवला आणि फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"बरं, जाऊ. तू चल संगं पौडला. तुझा त्या दिवसाचा रोज मी भरतो."

तेव्हा मात्र ती तडकली. "भाऊ, सारखं तराजू घेऊनच फिरता का हो? न्हाई म्हणताना मला कुठं इचारलं व्हतं? आता बी एकटंच जावा."

मी एकटाच गेलो. साहेब तेच होते. उभ्यानेच सांगितलं की मी खोटं बोललो, ती बाई सहा वर्षं तिथं काम करत होती, माझी गाडी तिच्यामुळे पास झाली. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाई स्वतः आल्याशिवाय मला काही बदलता येणार नाही. तुमचा परवाना चालू राहील."

मी माणूस तापट. तलाठ्याशी, आरटीओशी, सख्ख्या चुलत्याशी भांडलेला. साध्या पार्किंगच्या पावतीवरून मी लोक गोळा केले आहेत. त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं, माझा जबाब तरी लिहून घ्या, चौकशी लावा, परवाना थांबवा. शब्द येत नव्हते असं नाही. परवाना चालू राहील हे ऐकलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी साहेबांना नमस्कार केला, आभार मानले, आणि दार हळूच लावून बाहेर पडलो.