खडूची सात वर्तुळं

वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं रंग तपासला. रंगवलेला भाग समोर आला की त्यावर तिरपा उजेड पाडायचा, ओरखडा दिसला की मेणाच्या पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढायचा आणि भाग परत पाठवायचा. एकदा गोल पडला की त्याचा निकाल लागल्याशिवाय तो भाग जागचा हलत नसे. मला येताना पाहिलं की रंगखात्यातली माणसं चहाचा कप खाली ठेवत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अशा माणसानं स्वतःची गाडी बांधायला घेतली. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची, जुन्या विलायती शर्यतीच्या गाड्यांच्या वळणाची. इंजिन आणि खालचा लोखंडी सांगाडा भंगारात निघालेल्या जीपचा, वरची बॉडी फायबरची, साच्यात मीच ओतलेली. तीन वर्षांचे सगळे रविवार तिच्यात गेले. सांगाड्याला तर ओळखीच्या भट्टीत तीन वेळा रंग भाजून घेतला होता. वाकून बघितलं की त्यात तोंड दिसायचं. जे कुणाला दिसणार नाही त्याला आरसा कशाला, असं बायको विचारायची. तिला रंगातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणायचो. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

कारण त्याच तीन वर्षांत तिचे शिवणाचे क्लास वाढले होते. पुढच्या खोलीत दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि पाच-सहा बाया. मी दुपारी जेवायला बसलो की ताटात दोरे यायचे. तिचा डोळा अंगणातल्या शेडवर होता, जिथं मी गाडी बांधत होतो. अखेर पोळ्याच्या आसपास तिनं शर्त घातली.

"दसऱ्याला मला बसवून क्रांती चौकापर्यंत न्या अन् न ढकलता घरी आणा," ती म्हणाली. "आणली तर शेड गाडीचं. नाय तर माझ्या मशिनी तिथं."

मी लगेच हो म्हटलं. इंजिन चालत होतं, चाकं फिरत होती, फक्त वायरिंग जोडायचं राहिलं होतं. ते जोडलं आणि गाडीच्या अंगात आलं. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागायचा. इंडिकेटर दिला की वायपर थरथरायचे आणि पेट्रोलचा काटा नंदीबैलासारखी मान डोलवायचा. हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे, आणि आवाज निघायचा तो पोट बिघडलेल्या शेळीचा. चौथ्या दिवशी स्टार्टर मारला तर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला. हात लावला तर चटका बसला. केबल ओढायची वस्तू, ती तापायचं कारण काय?

मी नवी बॅटरी आणली. नवा हॉर्न आणला. सगळे बल्ब बदलले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. नवा हॉर्नही पहिल्याच शेळीच्या जातीचा निघाला.

मग गुलमंडीच्या मागच्या गल्लीतून एका वायरिंगच्या मिस्त्रीला आणलं. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्यानं बॅटरीच्या मायनसवरून वायरीचा एक लांब तुकडा आणला आणि त्याचं टोक हेडलाइटच्या काळ्या वायरीला टेकवलं. मंद दिवा भक्कन पेटला. टोक काढलं, दिवा पुन्हा मलूल. बायको चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तिथंच उभी राहिली.

मिस्त्रीनं समजावलं ते असं. पत्र्याच्या गाडीत करंट वायरीनं जातो आणि पत्र्यातून बॅटरीकडं परत येतो. फायबरमधून तो येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची, हॉर्नची काळी वायर खालच्या लोखंडाला बांधायची. ते मी केलं होतं. पण बांधली होती कशावर, तर माझ्या त्या तीनदा भाजलेल्या रंगावर. परतीची वाट रंगानं अडवलेली, मग ब्रेकच्या दिव्याचा करंट इंडिकेटरमधून आणि स्टार्टरचा थेट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून घरी, म्हणजे बॅटरीकडं, जायची वाट शोधत होता.

"साब, रंग घिसके लोहा निकालो," तो म्हणाला. "करंट को तुम्हारा रंग नक्को. उसको लोहा होना."

त्यानं बोटानं सात जागा दाखवल्या आणि पॉलिशपेपर पुढं केला. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी लोकांचा जीव खाल्ला, ती स्वतःच्या हातानं करायची? मी म्हटलं, रविवारी मी सावकाश करतो, तुम्ही कशाला त्रास घेता. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं, चहा संपवला आणि गेला.

रविवारी मी काय केलं तर त्या काळ्या वायरींचे सातही बोल्ट आणखी आवळले. आवळताना एकदोन ठिकाणी आट्यांमधून थोडं लोखंड लागलं असावं, कारण दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. रंग घासला म्हणून मी घरात सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं शेडमध्ये जाऊन सहज हॉर्न दाबला. शेळी परत आली होती. तिनं वाकून गाडीखाली एक नजर टाकली आणि क्लासला परत गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिली पाळी करून चारला घरी आलो. गाडीवरचं कापड काढलं, वाकून बघितलं आणि तसाच खाली बसलो. माझ्या काळ्या आरशावर सात ठिकाणी, अगदी बोल्टांच्या भोवती, शिवणाच्या खडूनं पांढरे गोल काढले होते. नीट, बंद, जोड न दिसणारे. मीही इतके चांगले काढत नसे.

ती दारात उभी होती. मिस्त्री बोलला तेव्हा जागा लक्षात ठेवल्या म्हणाली. "तुमच्याच पद्धतीनं केलंय. आता परत पाठवा, नायतर घासा."

तिला शेड हवं होतं. गाडी बंद पडली असती तर ते तिला बसल्या जागी मिळालं असतं. तरी ही बाई साडी खोचून गाडीखाली शिरली होती. मी तसं विचारलंही. ती म्हणाली, "तुम्ही हरून तोंड पाडून बसणार, ते सहा महिने कोण बघणार?" मला स्वतःची लाज वाटली आणि तिचं लई कौतुक वाटलं.

पॉलिशपेपर घेतला. पहिल्यांदा घासताना दात शिवशिवले. तिसऱ्या बोल्टापर्यंत सवय झाली, आणि पाचव्याला तर मजा येऊ लागली. खालून चकचकीत लोखंड निघालं की बायको टॉर्च धरून "पास" म्हणायची. प्रत्येक जागी दातेरी वॉशर घातला, वायर आवळली, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस फासलं. स्टार्टरचा करंट परत यावा म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची जाड विणलेली पट्टी टाकली. ती मी मुळात टाकलीच नव्हती, हेही इथं कबूल करून टाकतो. मग हॉर्न दाबला. शेजारच्यांच्या हातातलं काहीतरी स्टीलचं खाली पडल्याचा आवाज आला.

दसऱ्याला सकाळी गाडीची आणि मशीनची पूजा एकत्रच करू, म्हणजे दोनदा ताट फिरवायला नको, असं ती म्हणाली. मीच एक जड मशीन उचलून शेडमध्ये ठेवलं. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघालो. क्रांती चौकात सिग्नलला एका मोटारसायकलवाल्यानं गाडी वरपासून खालपर्यंत बघितली आणि किती देती म्हणून विचारलं. मी उत्तर म्हणून हॉर्न वाजवला. दिवे हलले नाहीत, काटा हलला नाही, वायपर झोपलेले. बायको डोक्यावरचा पदर धरून हसत होती. न ढकलता परत आलो.

"शर्त तुमची," ती उतरताना म्हणाली. "शेड गाडीचं. मशीन उचला अन् घरात ठेवा."

मी ऐटीत मशीनला हात घातला. तेव्हा तिनं मागून विचारलं, "पण एक सांगा. चालती गाडी बाहेर लिंबाच्या झाडाखाली ऱ्हाती. मशीन ऱ्हाईल का?"

मी मशीन तसंच सोडलं. राग आला असता, पण त्याआधी हसूच आलं. गाडी लिंबाखाली लावली.

आठ दिवसांत गाडीच्या नाकावर पहिला ओरखडा पडला, बहुतेक कुणाच्या तरी बकरीचा. मी तडक शेडमध्ये गेलो. आत सात बाया कापड बेतत होत्या. बायकोकडं खडू मागितला, ओरखड्याभोवती गोल काढायचा म्हणून.

तिनं कात्री थांबवली नाही. "फायबर हाय ते," ती म्हणाली. "तिथनं करंट जात नाय. ऱ्हाऊ द्या."