मागे धरायचा आरसा

चौकातल्या केस कापायच्या दुकानाच्या मालकांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. त्यांचा एक नेम होता. कापून झालं की लहान आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं धरायचा आणि विचारायचं, "बघा, पसंत आहे?" टक्कल पडलेल्यालासुद्धा! "मागचं डोकं माणसाचं त्याला दिसत नाही हो," ते म्हणायचे, "दाखवणं आपलं काम."

घरी त्यांचं एकच गिऱ्हाईक, बायको. लग्नापासून तिची वेणी तेच घालत. शेजारणी चिडवायच्या, "राणीसाहेबांचे हात दुखतात वाटतं!" ती म्हणायची, "जळा तिकडे! घरात कारागीर असताना मी कशाला दुखवू हात?" वेणी झाली की आरसा मागे यायचा आणि ती तोऱ्यात मान वळवून बघायची.

मग एके सकाळी भोवऱ्यापाशी उस्तादांचा कंगवा थबकला. नखाएवढा चट्टा, गुळगुळीत, चकचकीत. कडेच्या केसांच्या बुडाशी लाली आणि बारीक खपल्या. "तिथंच खाजतंय बघा," ती म्हणाली. उस्तादांना वाटलं, चाई आहे. चाईचे चट्टे त्यांनी ढिगानं पाहिले होते, आपोआप भरून आलेले. हिला दाखवलं तर उगाच हाय खाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांनी भांग जरा सरकवला, वरून केस ओढून घेतले. आरसा खणातच राहिला.

"आज आरसा नाही?"

"माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुमच्यावर नाही तर कुणावर?" ती हसली.

चट्टा पसरत गेला, तशी उस्तादांची हातचलाखीही. न्हाताना ती म्हणाली, "अहो, इथं काहीतरी गुळगुळीत लागतंय." ते म्हणाले, "तेल असेल." आणि तिनं ते खरं मानलं, कारण डोक्यातलं तिच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

शेवटी आग इतकी व्हायला लागली की उशीला डोकं टेकवेना. तेव्हा कुठं दोघं कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी चट्ट्याच्या कडेचा कणभर तुकडा तपासायला पाठवला, आणि निकाल आल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं, "ही चाई नव्हे. शरीराच्याच पेशी केसांच्या मुळांवर तुटून पडल्यात. ज्या इशाऱ्यावर त्या धावतात, नेमका तोच अडवणारी नवी गोळी आहे. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, मधूनमधून रक्तही तपासावं लागेल. पण लागू पडली तर आग थांबेल, आहेत ते केस वाचतील."

"आणि गेलेले?" तिनं विचारलं.

"तिथं मुळाच्या जागी व्रण झालाय. तिथं आता काही उगवणार नाही. लवकर आला असता तर बरंच वाचलं असतं. कधी दिसलं पहिल्यांदा?"

"मला कुठलं दिसतंय? रोज हेच..." ती बोलता बोलता थांबली आणि नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला दिसलं होतं?"

"चाई वाटली गं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

उस्ताद गोळीची चिठ्ठी उचलून उठले.

गोळी लागू पडली. आग गेली, लाली ओसरली, चट्टा होता तिथंच थांबला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. घरात मात्र ती दार लावून आपली आपण वेणी घालू लागली. उस्ताद सकाळी कंगवा घेऊन स्टुलापाशी घुटमळत, मग दुकानात जात.

एका दुपारी समोरच्या पार्लरमधून ती बाहेर आलेली त्यांनी दुकानातून पाहिली. केस कानापर्यंत कापलेले, चट्टा उघडा. हातातली कात्री टाकून ते रस्ता ओलांडून धावले.

"अगं, माझ्याकडे यायचं होतंस!"

"पार्लरवालीनं मागे आरसा धरला," ती म्हणाली. "मी म्हटलं, नको. ती म्हणाली, बघा तरी, तुमचंच डोकं आहे. मग बघितलं. एवढं गेलं असेल असं वाटलं नव्हतं हो. तिथंच खुर्चीत रडले, परक्या बाईसमोर." तिनं डोळे पुसले. "ते मला तुमच्यासमोर रडायचं होतं."

ती घराकडं निघून गेली. अर्धवट कापलेलं गिऱ्हाईक खुर्चीत खोळंबलं होतं. उस्तादांनी परत येऊन केस नीट कापले, मानेवरचे केस झटकले, आरसाही मागे धरला. पण 'पसंत आहे?' हे काही त्यांच्या तोंडातून फुटेना.

"छान झालंय हो उस्ताद," शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं.