पुलावरचं मांजर

मोरोक्कोतल्या आमच्या साले शहरात माणूस माणसाला भेटला की आधी "लाबास?" विचारतो. बरं आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. मग तब्येत लाबास, घरचे लाबास, पोरंबाळं लाबास, अशी चौकशांची माळच लागते. समोरचाही त्याच वेळी तेच विचारत असतो, त्यामुळे उत्तर ऐकायला कुणी मोकळा नसतो. उत्तर तरी काय, ठरलेलंच: लाबास, अल्लाची कृपा. पाय प्लास्टरमध्ये असलेला हेच सांगतो आणि कालच नोकरी गेलेलाही हेच सांगतो. रडगाणं गायलं तर दृष्ट लागते, फार छान चाललंय म्हटलं तरी लागते. रीत तशी सोयीची आहे. घिझलानला मात्र ती जिवावर येऊन पडली.

घिझलान ट्राम चालवायची. सालेहून निघायचं, बू रेग्रेग नदीवरचा पूल ओलांडून रबातला जायचं, तिकडून परत. या नोकरीसाठी तिनं नवऱ्याशी, दिराशी आणि अख्ख्या गल्लीशी भांडण काढलं होतं. नोकरी लागल्यावर मात्र सासूनं, लल्ला बतूलनं (आमच्याकडे बाईमाणसाला मानानं लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी), तिचा गणवेशातला फोटो दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. आधी विरोध कुणी केला होता हे विचारायची सोय उरली नाही.

मग अन्वर झाला. सातव्या दिवशी नाव ठेवलं, मेंढा कापला, मेथीदाण्याच्या रश्शातली कोंबडी रांधली. बाळंतिणीसाठी सेल्लूचं ताट भरलं. भाजलेलं पीठ, बदाम, तीळ, तूप, मध, सगळं सासूनं स्वतः चाळलं आणि मळलं. बायका आल्या, चमच्याचमच्यानं सेल्लू खाल्ला, लाबास लाबास केलं आणि गेल्या. घिझलानही प्रत्येकीला लाबास म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

रजा संपत आली तसं ते खरं राहिलं नाही. एका दुपारी अन्वरला घेऊन ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होती आणि जिन्याच्या वळणावर तिला स्वतःचे हात सुटताना दिसले. हात सुटले नव्हते. पोर खांद्यावर शांत झोपलं होतं. पण तिनं पाहिलं ते पाहिलं. पांढऱ्या दुपट्यातलं गाठोडं पायऱ्यांवरून खाली जात होतं. ती तिथंच पायरीवर बसली आणि खालची शेजारीण वर येईपर्यंत हलली नाही. शेजारणीनं विचारलं, लाबास? ती म्हणाली, लाबास.

त्यानंतर तिनं अन्वरला घेऊन जिना उतरायचंच सोडलं. कंबर धरली म्हणाली, पाय मुरगळला म्हणाली. लल्ला बतूल धापा टाकत नातवाला खाली नेऊ लागली आणि शेजारपाजारी कुरकुरू लागली, की आमची सून आता मोटरवाली बाई झालीय, पोराला उचलायला तिला नोकर लागतो. घिझलाननं ऐकून घेतलं. नवऱ्याला सांगावं असं बरेचदा तोंडापर्यंत आलं. अब्दिलाह माणूस चांगला, पण भाजीबाजारात पहाटेपासून राबून आलेला, आणि त्याच्या पोटात काही राहायचं नाही. तो आईला सांगणार, आई तिला फकिराकडे नेणार, फकीर तावीज देणार, आणि पोराला आईपासून लांब ठेवा म्हणणार. तिनं दात आवळले आणि सांगायचं टाळलं.

कामावर परतताना कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब, डोळे, कान. डॉक्टरही याच मुलखातले. बाळ लाबास? लाबास. झोप लाबास? लाबास. शिक्का पडला. बाहेर पडताना तिला वाटलं, यांनी अजून एकदा विचारलं असतं तर आपण कदाचित सांगितलं असतं. पण असं कुणी विचारत नाही.

डेपोच्या अंगणात एक खोली होती, पूर्वी तिथं हरवलेल्या छत्र्या ठेवायचे. आता तिथं आठवड्यातून एकदा लल्ला विदाद नावाच्या बाई येऊन बसत. कंपनीनं दारावर कागद चिकटवला होता: मूल झाल्यावर कामावर परतलेल्या आयांनी आणि बापांनी मन मोकळं करायला यावं. खोली ठेवली कुठं, तर ड्रायव्हर लोक चहा पितात त्या बाकांच्या अगदी समोर. आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याचं लग्न, त्याची आई आणि त्याचं डोकं, तिन्हींचा निकाल बाकावर लागलेला असायचा. त्यामुळे कुणी जायचं नाही. लल्ला विदाद वर्तमानपत्र वाचून घरी जायच्या.

पहिला ब्रेक पुलावर लागला. गाडी भरलेली होती. रुळांवर पांढरं गाठोडं पडलेलं तिला दिसलं आणि तिनं सगळी ताकद लावून गाडी थांबवली. माणसं एकमेकांवर कोसळली, एका म्हातारीचं मनगट दुखावलं. समोर रूळ रिकामे होते. खाली नदी वाहत होती. कंट्रोलमधून गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सी लारबीचा आवाज आला, काय झालं?

"मांजर," ती म्हणाली.

"पुलावर? तिथं मांजर काय करतंय, मासे धरतंय?"

दुसऱ्यांदा असाच ब्रेक लागला तेव्हाही मांजरच. सी लारबी जुना माणूस, जिभेला हाड नसलेला. त्यानं ही गोष्ट चहाच्या बाकावर पोचवली आणि दुसऱ्या दिवसापासून घिझलान अंगणात शिरली की कोपऱ्यातून म्याव ऐकू येऊ लागलं. तीही हसायची. हसली नाही तर विचारतील, म्हणून. मात्र केबिनमध्ये बसून दांडा धरला की तळहाताला घाम सुटायचा. त्या दांड्याची करामत अशी, की तो पुढे दाबून धरला तरच गाडी चालते आणि हात सुटला की आपोआप थांबते. घरी जिन्यावर हात सुटेल ही भीती, इथं हात सुटला तर गाडी थांबून आपलं हसं होईल ही भीती. पुलावर पोचेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

वरिष्ठांनी बोलावून समज दिली. अजून एकदा विनाकारण ब्रेक लागला तर केबिन काढून घेऊ, तिकिटं तपासायला पाठवू. तिकिटं तपासणं काही वाईट नाही. पण तिनं ज्यासाठी गल्लीशी भांडण काढलं होतं ते जाणार, आणि का गेलं हे सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार. त्या संध्याकाळी घिझलाननं मनाशी एक गोष्ट पक्की केली. आता काहीही दिसलं तरी ब्रेक लावायचा नाही. दिसतं ते खोटं असतं, हे तर आपल्याला माहीत आहे ना, मग घाबरायचं कशाला? तिला त्यात फार शहाणपण वाटलं. इतकं, की बऱ्याच दिवसांनी ती नीट जेवली.

दोन-तीन दिवस ते निभावलंसुद्धा. पांढरं गाठोडं पुलावर दिसलं, तिनं ओठ चावले, गाडी त्याच्यावरून गेली, काही झालं नाही. अंगणात म्याव ऐकू आलं तर तिनं उलट म्याव केलं. नजात नावाची तिची जुनी सहकारी, तिला गाडी चालवायला शिकवणारी, एकटीच हसली नाही. तिनं घिझलानकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि ग्लासात चहा ओतून दिला.

मग तो बाजाराचा दिवस आला. सालेच्या बाजूला वेशीजवळ रूळ रस्त्याला लागून जातात आणि बाया सामानाच्या पिशव्या घेऊन कशाही आडव्या येतात. घिझलान घंटा वाजवत येत होती. पुढे रुळांवर एक बाई दिसली, पाठीला पोर बांधलेली. पोर पांढऱ्या कापडात.

हे डोक्यातलंच, घिझलाननं स्वतःला सांगितलं. तिनं दांडा तसाच दाबून धरला आणि गाडी त्याच वेगानं पुढे जाऊ दिली. बाई मोठी होत गेली. घिझलानला अगदी शांत वाटत होतं, आणि ती शांतता पुढे तिला कधी विसरता आली नाही. तेवढ्यात बाईच्या पायातली पिवळी चप्पल निघाली, आणि ती चप्पल उचलायला मागे वाकली.

घिझलानच्या मनानं दाखवलेल्या चित्रांत चप्पल कधीच नव्हती. गाठोडं असायचं, हात असायचे, पडणं असायचं. चप्पल कुणी कशाला कल्पनेत आणेल?

तिनं ब्रेक लावला. चाकं किंचाळली, आत आरडाओरडा झाला, गाडी घसरत गेली आणि बाईच्या झग्याला नाक लावून उभी राहिली. बाईच्या हातात चप्पल तशीच होती. पाठीवरचं पोर जागं होऊन रडायला लागलं.

मग जे झालं त्याची घिझलानला कल्पना नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थानं केबिनच्या दारावर थाप मारून तिच्या आईबापांना अल्लाची दया लाभो म्हणून दुवा दिली. ती बाई काचेपाशी आली आणि काचेला ओठ टेकवले. सी लारबीनं कॅमेऱ्यात सगळं पाहिलं होतं. त्याचा आवाज फुलून आला होता.

"शाब्बास, पोरी. आता कुणी मांजर म्हणून दाखवावं, त्याची जीभ मीच उपटीन. लाबास?"

तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. जन्मापासून तयार होतं. काचेवर त्या बाईच्या ओठांचा ओलसर डाग होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

या प्रश्नाला असं उत्तर आलं तर पुढे काय बोलतात, हे सी लारबीला त्याच्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं, अगदी हळू.

"लाबास ना गं?"

"नाही, सी लारबी. मी बरी नाही. ती बाई मला आधीच दिसली होती. दिसली, आणि मी ब्रेक लावला नाही. माझ्या हातात ही गाडी ठेवू नका."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग सी लारबी बोलायला लागला, आणि त्या बोलघेवड्या माणसानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. हात मांडीवर ठेव म्हणाला, गाडी उभीच राहू दे, मी इथंच आहे. बाकी गाड्यांना त्यानं सांगितलं की चाकांची तपासणी चालू आहे. नजात वेशीजवळच्या थांब्यावर विश्रांतीला बसली होती, तिला त्यानं पिटाळलं. ती धावत आली, केबिनमध्ये चढली, आणि घिझलानला उठवून स्वतः बसण्याआधी तिचं डोकं घट्ट पोटाशी धरलं. घिझलान रडली. अन्वर झाल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.

डेपोपर्यंतच्या वाटेवर तिनं जिन्याचं सांगितलं, पुलाचं सांगितलं. नजातनं मान हलवत ऐकलं. तिच्या थोरलीच्या वेळी तिला न्हाणीघरातली बादली दिसायची, म्हणाली, पाण्यानं भरलेली. वर्षभर पोरीला तिनं स्वतः अंघोळ घातली नव्हती.

"मग बरं कसं वाटलं?" घिझलाननं विचारलं.

"आपोआप. पण ते वर्ष गेलं ते गेलंच गं. तू तसं करू नकोस. लल्ला विदाद उद्या येणारेत."

घिझलानला अंगणातले बाक आठवले. तिनं तोंड फिरवलं. नजातला कळलं.

दुसऱ्या दिवशी लल्ला विदादच्या खोलीकडे सेल्लूचं ताट निघालं. नजात पुढे, तिच्यामागे ट्राम चालवणाऱ्या सगळ्या बायका, कुणाच्या हातात चहाची किटली, कुणाच्या हातात ग्लास, आणि मधे घिझलान. बाळंतिणीला भेटायला जातात तशा त्या अंगणातून गेल्या, आणि बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या बायकांना अडवून कुठं निघालात असं विचारायची आमच्याकडे पुरुषांची टाप नाही. बाकावर कुणी म्याव केलं नाही. सी लारबी मुद्दाम खाली उतरून तिथं बसला होता, आणि त्याची नजर सगळ्यांवर होती.

आत लल्ला विदादनं वर्तमानपत्र बाजूला केलं. एवढी माणसं त्या खोलीनं कधी पाहिली नव्हती. बायकांनी चहा ओतला, सेल्लू वाटला, आपापल्या पोरांची गाऱ्हाणी सांगितली, त्यातली बरीच खरी होती. मग त्या एकेक करून उठल्या. घिझलान उठली नाही.

बाहेर एका ड्रायव्हरला राहवलं नाही. त्यानं नजातला गाठून हळूच विचारलं, तुमच्यापैकी वेडी नेमकी कोण?

"आम्ही सगळ्याच," नजात म्हणाली. "तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत ना? दार बघून ठेव. तुलाही यावं लागेल."

तो नंतर बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिला.

आत लल्ला विदाद काहीच विचारत नव्हत्या. लाबास तर नाहीच. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि त्या नुसत्या थांबल्या, वेळ आहे अशा थांबल्या. घिझलाननं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली,

"पुलावर मांजर नव्हतं."