सुधीरभाऊजींची साक्ष

फोन दुपारी आला. मी दुकानात होते. शनिवार पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. समोर एक गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्यांवर सवलत मागत होते, म्हणून फोन कानाखांद्यात धरूनच ऐकला. वाघोलीच्या एका हॉस्पिटलमधून कुणी मुलगी बोलत होती. "सुधीर सरांच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर ‘वहिनी’ म्हणून सेव्ह आहे. आपण त्यांच्या फॅमिलीतल्याच ना?" म्हटलं, हो. "मग प्लीज या मॅडम. हार्ट अटॅक होता... इथे आणेपर्यंत संपलं होतं. बॉडी ताब्यात घ्यायला नातेवाइकाची सही लागते." मी सही केली. वहिनीची सही चालते. ज्याच्याबरोबर अकरा वर्षं संसार केला त्याची चालत नाही, हे भाऊजींना त्याच शहरात, अशाच एका काउंटरवर कळलं होतं.

सुधीर माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आता महिना उलटला. वर्तमानपत्रात त्यांचा उल्लेख पूर्वी एकदा येऊन गेला, तोही नावाशिवाय: ‘मयताचा मित्र’. खटला कुणाला आठवत असला तर असेल, माणूस आठवायचं कुणाला काही कारण नाही. म्हणून हे लिहायला बसले.

भाऊजी ड्राफ्ट्समन होते. आमच्या दुकानापासून चार घरं सोडून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत. रोज चारच्या चहाला दुकानात यायचे आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांवर शेरे मारायचे. "वहिनी, या गृहस्थांना खोकल्याचं औषध देऊ नका, खोकला गेला तर बोलायला लागतील." त्यांचं लग्न का होत नाही, हा प्रश्न घरात सासूबाई असेपर्यंत दर दिवाळीला फराळाबरोबर वाढला जायचा. एका दिवाळीला ते प्रशांतला घेऊन आले. वाघोलीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, ट्रेकिंगच्या ग्रुपमधला मित्र, अशी ओळख करून दिली. मी चिवड्याची वाटी पुढे केली तर भाऊजींनी न बोलता त्यातले शेंगदाणे वेचून आपल्या वाटीत घेतले. प्रशांतला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. प्रशांतही गप्पा मारता मारता वाटी पुढे धरून थांबला, रोजचंच असल्यासारखा. मला तेवढ्यावर कळलं. आमच्या ह्यांनाही कळलं असणार, पण आमच्याकडे कळलेल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही.

पुढे दोघांनी वाघोलीत फ्लॅट भाड्यानं घेतला. तीनशे सत्याहत्तर कलमाचा निकाल लागला त्या संध्याकाळी दोघं दुकानात पेढे घेऊन आले. ह्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "कशाचे?" भाऊजी म्हणाले, "निर्दोष सुटलो."

त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तरुण राहायचा. त्याचे दोन मित्र संध्याकाळी पार्किंगमध्ये ठिय्या देऊन बसत. आधी शिट्ट्या झाल्या, मग स्कूटरवर खडूनं लिहिणं, मग जिन्यात अडवून "सोसायटी सोडा, नाहीतर उचलून टाकू." दोघं चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सल्ला दिला, "सोसायटीतलं सोसायटीत मिटवा." मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, प्रशांत कोथिंबीर आणायला खाली उतरला आणि भाऊजींना वर स्वयंपाकघरात त्याची हाक ऐकू आली. ते धावत जिना उतरले तेव्हा तिघं लोखंडी पाइप घेऊन त्याच्या अंगावर होते. "आता कर संसार," असं त्यांतला एक ओरडत होता. हॉस्पिटलमध्ये प्रशांत तासाभरात गेला. भाऊजींना शेवटचं आत सोडलं नाही, कारण "आपण कोण?" याला त्यांच्याकडे फॉर्मात बसणारं उत्तर नव्हतं. लोणी काळभोरहून प्रशांतचे थोरले भाऊ आले, सही झाली, प्रेत गावाला गेलं. अंत्यविधीत भाऊजी मागच्या रांगेत उभे होते. माझ्याशेजारी. कुणी हाक मारली तर पुढे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी मारली नाही.

खटला उभा राहायला वर्षं गेली. शिवाजीनगरच्या कोर्टात मी बहुतेक तारखांना त्यांच्याबरोबर जायची. आमचे हे दुकान सांभाळायचे. म्हणजे यायचे नाहीत, याला ते दुकान सांभाळणं म्हणायचे. बचाव असा होता की स्कूटर लावण्यावरून अचानक भांडण झालं, मारायचा कुणाचाच हेतू नव्हता. हे खोडून काढायला आधीच्या धमक्या सांगणारं कुणीतरी हवं होतं. प्रशांतचे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांना त्या ठाऊक होत्या. प्रशांतनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं आणि पोलिसांना दिलेल्या जबाबात त्यांनी ते लिहूनही दिलं होतं. साक्षीच्या दिवशी पांढरी टोपी सारखी करून ते पिंजऱ्यात उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, "आमचा प्रशांत तसला नव्हता. त्याला मुली बघणं चाललं होतं. भांडण पार्किंगचंच होतं." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवायचा अर्ज दिला. आरोपींच्या बाकावर एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. भावाची अब्रू राखायला भाऊ आला आणि जाताना खून धुऊन गेला.

त्यानंतर सरकारी वकील भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची साक्ष वगळू या का? केस उगाच घाण होईल." भाऊजी म्हणाले, "माणूस मेलाय साहेब. आणखी किती घाण व्हायची राहिली आहे?"

त्यांची उलटतपासणी सबंध दिवस चालली. आरोपीचे वकील गोड बोलणारे होते. "आपलं मयताशी नातं काय?"

"आम्ही एकत्र राहत होतो."

"म्हणजे भाडं वगैरे निम्मं-निम्मं?" कोर्टात हशा झाला.

"वकीलसाहेब, तुम्ही आणि तुमच्या मिसेस भाडं निम्मं-निम्मं देता का?"

न्यायाधीशांनी मान वर केली. "साक्षीदारानं प्रश्नाचं उत्तर द्यावं."

"तेच देतोय साहेब. तेच नातं."

टंकलेखकानं न्यायाधीशांकडे पाहिलं. थोडा विचार होऊन नोंद झाली, ‘मित्र’. मग पुढचे प्रश्न आले. तुमच्यात बाई कोण होतं, इथपर्यंत. सरकारी वकील कागदात काहीतरी शोधत होते. भाऊजी म्हणाले, "स्वयंपाक मी करायचो, भांडी तो घासायचा. पुढचं विचारा." बाहेर कँटीनमध्ये आलो, चहा सांगितला. मला म्हणाले, "वहिनी, आता उद्यापासून दुकानात येत नाही. तुमची गिऱ्हाइकं तुटतील." आले नाहीत खरेच. त्यांच्या ऑफिसनं "काही दिवस घरूनच करा" म्हणून सुचवलं आणि मग घरी काम पाठवणं हळूहळू थांबवलं. कुणी काढून टाकलं नाही. पुण्यात तेवढा सुसंस्कृतपणा आहे.

निकालात खून टिकला नाही. अचानक भांडणातून घडलेला सदोष मनुष्यवध. एक जण सुटला, दोघांना सक्तमजुरी, त्यातली बरीच आधीच कच्च्या कैदेत भोगून झालेली. धमक्यांबद्दलच्या साक्षीविषयी निकालपत्रात म्हटलं होतं की साक्षीदार मयताच्या अतिशय निकटचा असल्यानं त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. भाऊजी अपील करायचं म्हणून वकिलांकडे गेले तर कळलं की सरकार करू शकतं, किंवा मयताचे वारस करू शकतात. भाऊजी वारस नव्हते. विश्वास ठेवायला फार जवळचे आणि दाद मागायला कुणीच नाही. त्यांनी ते निकालपत्र घडी घालून मला दिलं. "वहिनी, कायद्याचं गणित कच्चं आहे," एवढंच म्हणाले.

सरकारकडून काही हलेना, तेव्हा आम्ही लोणी काळभोरला नानांकडे गेलो. नाना ओट्यावर बसले होते. भाऊजींनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "तुमची एक सही लागते. बाकी सगळं मी बघतो."

"लोकं आत्ता कुठं इसरायला लागल्यात," नाना म्हणाले. "घरात दोन पोरी हायेत लग्नाच्या. पुन्हा पेपरात यायचं व्हय?"

"तुमच्या भावाला मारलंय त्यांनी."

"मेल्यालं माणूस काय परत येतंय? जित्या माणसांचं बघाया पायजे. चा घिऊन जावा."

भाऊजींनी चहा घेतला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "त्यांच्याकडे आलं जास्त घालतात. प्रशांतचा चहा असाच व्हायचा."

खालच्या मजल्यावरचा तो तरुण शिक्षा संपवून परत आला, त्या दिवशी पार्किंगमध्ये फटाके वाजले. मी भाऊजींना आमच्याकडे राहायला बोलावलं. नको म्हणाले. "मी जागा सोडली तर त्यांनी सुरू केलेलं मीच पुरं केल्यासारखं होईल." काही दिवसांनी फोनवर सांगत होते, "आज लिफ्टमध्ये भेटला. मीच विचारलं, कितवा मजला?" मी हसले नाही. तेही हसले नाहीत. लिफ्ट सुरू असून त्या दिवसापासून ते जिन्यानं चढत-उतरत होते, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, ते गेल्यावर. त्याच जिन्यात ते बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

फ्लॅट रिकामा करताना भिंतीवरचा एक फोटो तेवढा मी पिशवीत घालून घरी आणला. कुठल्याशा किल्ल्यावरचा. दोघं घामानं भिजलेले, प्रशांतचा हात भाऊजींच्या खांद्यावर, दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता एकमेकांच्या कशावर तरी खदखदून हसतायत.

परवा नाना दुकानात आले. खूप थकलेत. टोपी हातात घेऊन काउंटरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "प्रशांतचा एखादा फोटू आसंल का तुमच्याकडं? आमच्याकडं समदे लग्नातले हायेत, घोळक्यातले." मी त्यांना वर घरी नेलं आणि तो फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग अंगठ्यानं भाऊजींचा चेहरा झाकून पाहिला. "एवढा भाग कापून मिळंल का?"

"नाही. न्यायचा तर अख्खा न्या."

त्यांनी अंगठा बाजूला केला. "आमच्याकडं आसा हासल्याला कधी बघितला न्हाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला त्यांची दया येत नव्हती. "पर ह्यो घरात लावायचा कुठं?" फोटो त्यांनी टेबलावर ठेवला, पालथा, आणि जिना उतरून गेले.

हे आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. बाहेर आले, फोटो उचलला, बाहीनं पुसला. मग हातोडी शोधून आणली आणि आमच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला. भाऊ जिवंत असताना ह्यांनी कोर्टाची पायरी एकदाही चढली नाही, हे मी विसरणार नाही. पण आता आम्ही जेवायला बसलो की ते दोघं समोर असतात आणि हसायची थांबत नाहीत. त्यांचं हसणं आम्हा दोघांनाही सहन होत नाही. काढायचं मात्र कुणी बोलत नाही.