वरून टाकलेले थेंब

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या मळणीत, तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना. भंडारा जिल्ह्यात, लाखनीच्या आतल्या अंगाला एका मालकाच्या खळ्यावर. गेला तो माझा उजवा डोळा.

थ्रेशरच्या तोंडाशी मी धानाचे भारे देत होते. भुशासोबत एक कुसळ उडालं आणि थेट बुबुळात घुसलं. खिळा ठोकल्यासारखं. मी खाली बसले. मालकाच्या पोराने केस धरून उठवलं. मानेला हिसका, कानाखाली एक.

"नाटक करून राहिली का? मशीन का तुह्या बापाची हाय?"

माय धावत आली. "भाऊ, पोरीचा डोळा हाय तो."

मग ओट्यावर मालकीणबाई आल्या. हातात बाटली. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब. त्या वर, मी खाली.

"इकडं सरकू नको. इथूनच टाकते."

मायने माझ्या पापण्या फाकवल्या. थेंब हातभर उंचीवरून पडले. नाकावर, गालावर, ओठावर. पोरगा हसत होता. पाचवा थेंब डोळ्यात गेला.

"बाटली तूच ने आता. माह्या डोळ्याले थे चालाची नाही."

बाटलीला माझा स्पर्शही झाला नव्हता.

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कुणापुढे मान झुकत नाही, असं मी मोर्चात छाती ठोकून सांगत आले. त्या दिवशी मी तोंड वर करून उभी राहिले आणि म्हणाले, "उपकार झाले, बाई." हे लिहिताना आजही थुंकावंसं वाटतं. स्वतःवर.

दोन दिवस लाली उतरली, ठणका कमी झाला. मला वाटलं, गुण आला. तेच थेंब टाकत राहिले, भारे देत राहिले. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका, भाताच्या शिताएवढा. डोकं फुटेल असा ठणका. भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली आणि मायकडे बघितलं.

"धान लागलं होतं ना? मग हे कोणी टाकलं? हे स्टेरॉइड आहे. कुसळासोबत बुरशी आत गेली. या थेंबांनी लाली दाबली आणि बुरशीला मोकळं रान दिलं. पहिल्याच दिवशी आला असता तर डोळा वाचवता आला असता."

बुबुळ फुटलं. डोळा काढावा लागला.

यंदा मी मायसोबत त्याच खळ्यावर गेले. मुद्दाम. बारा बाया, एकीच्याही डोळ्यावर भुसा अडवणारा चष्मा नाही. पोरगा म्हणाला, "काणीले भुशाकडं लावा. गेला तं एकच जाईल."

दोघी-तिघी हसल्या. मालकाचं पोरगं हसलं की हसावं लागतं.

मी थ्रेशर फिरवणारा ट्रॅक्टर बंद केला. किल्ली काढली. त्याने माझं मनगट पिरगाळलं, हाड वाजलं. तोंडावर कोपर बसलं, दात हलला. मी त्याच्या हाताचा लचका तोडला आणि किल्ली खळ्याशेजारच्या बोडीच्या, लहान तळ्याच्या, पाण्यात भिरकावली. तो लाथा घालत होता. तेव्हा माय धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्याला पाठ लावून बसली.

"चष्मे आणा. मंग उठतो आमी."

मग दुसरी बसली. मग सगळ्या. हसलेल्याही.

त्याने ठाण्यात तक्रार दिली. मीही दिली. माझी मागे घ्यावी म्हणून रोज कोणी ना कोणी घरी येतं. घेणार नाही. आणि चष्म्याशिवाय या पट्ट्यातलं एकही खळं सुखाने चालू देणार नाही.

आता तू, वाचणाऱ्या. हळहळ तुझ्याजवळ ठेव. उद्या खळ्यावर जा. कुणाच्या डोळ्यात धान गेलं तर मशीन थांबव. डोळा चोळू देऊ नकोस. स्वच्छ पाण्याने धू. रुतलेलं कुसळ उपटू नकोस. कुणाच्या घरातले उरलेले थेंब त्यात पडू देऊ नकोस. आणि तिला त्याच दिवशी, भुशाने भरलेल्या त्याच लुगड्यात, डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा. मालकाला विचारू नकोस.