समोरच्या खोलीतला खड्डा

आमच्या समोरच्या खोलीखाली कोणीतरी माणूस पुरलेला आहे, असं मी एके काळी पक्कं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, "इकडे येऊ नको." कारण दिलं नाही. ती बिचारी रडली. मला वाटलं, मी केवढी हुशार आई.

गांधीबागेमागचं ते जुनं घर नुकतंच घेतलं होतं. विकणारी म्हातारी लेकाकडे उमरेडला जाताना म्हणाली होती, "बाई, त्या कोपऱ्यात जड ठेवू नोका." काहून, ते सांगितलं नाही. मी अर्थातच लोखंडी कपाट तिथेच ठेवलं. काही महिन्यांनी ते कललं. फरशी उचलली, तर खाली राख आणि विटांचे तुकडे. ते उपसल्यावर चारी बाजूंनी नीट बांधलेला चौकोनी खड्डा.

एवढा नीट खड्डा उगाच कोण बांधेल? आडवा माणूस त्यात मावला नसता. म्हणून मी स्वतः उतरले आणि मुटकुळं करून पाहिलं. मावले. झालं, खात्री पटली.

नवरा दारातून म्हणाला, "निघता येते का, का वरतून फरशी लावू?" मला त्याचाही संशय आला. इतकं स्वस्त घर यानंच शोधलं होतं.

शेजारणीला आधीच्या घरवाल्यांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. "म्हातारा दिवसभर त्या खोलीतून निघतच नव्हता," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. मान वर का केली नाही हिनं?

मुलीचे दिवस भरत आले तशी एसटीत बसून उमरेड गाठलं. म्हातारीनं पाणी दिलं. मी ते न पिताच विचारलं, "खरं सांगा, खाली कोण आहे?"

तिनं आधी माझं माहेर विचारलं. पारशिवनीकडचं, शेतीवाल्यांचं, म्हटल्यावर पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग म्हणाली,

"मानूस नाई वं, तिथं माह्या बुढ्याचे पाय राहे. वरते हातमाग होता, पायानं दाबाच्या पट्ट्या खालते खड्ड्यात. काठावर बसून दिवसभर लुगडे विने. माग मोडला तवा आमीच बुजवला तो. आता पानी पे, अन् पयले पोरीले फोन लाव, इथूनच. तिले सांगजो, तुही माय येडी आहे, पन घर चांगलं आहे."